शेषराव अण्णांचा व्हिएतनामी तपास

शेषराव अण्णा हैदराबादला जाऊन बिर्याणी खात नाहीत. व्हिएतनामी खातात. एवढ्यावर थांबले असते तर सोनपेठनं सोडून दिलं असतं. पण ते दुसऱ्यांनाही खायला लावतात. गावातलं कुणी मोतीबिंदूसाठी निघो की लग्नाचा बस्ता बांधायला, अण्णा त्याला एसटी स्टँडवर गाठतात.

"हैदराबादला जायलात म्हणं?"

"हो अण्णा. आईचे डोळे दाखवायचेत."

"दाखवा. मंग दुपारी जिन्यावाल्याकडं जेवा. काचवाल्याकडं न्हाई. काचवाला पाला मोजून देतो."

ही हॉटेलांची नावं अण्णांनी ठेवलेली आहेत. पाटीवरची नावं त्यांच्या तोंडात बसत नाहीत. जिन्यावालं म्हणजे वर चढून जावं लागतं ते. काचवाल्याला चारी बाजूंनी काच आहे. तिसरं बांबूवालं, तिथल्या खुर्चीत बसताना धोतर अडकलं, त्यामुळे ते यादीतून गेलं.

पाला हे अण्णांचं माप आहे. व्हिएतनामी लोक फो नावाचा तांदळाच्या शेवयांचा रस्सा करतात आणि सोबत ताटलीभर कच्चा पाला देतात: पुदिना, कोथिंबीर, तुळशीच्या जातीची पानं, मोड आलेले मूग, लिंबाची फोड. ज्यानं त्यानं हवा तेवढा तोडून रश्श्यात टाकायचा. ही ताटली संपल्यावर न मागता दुसरी येते का, यावर अण्णा हॉटेल पास की नापास ठरवतात. "सवाल पोटाचा न्हाई," ते म्हणतात, "पाल्याचा हाय. ज्याचा हात पाल्याला आखडतो, त्येच्या रश्श्यावर काय भरवसा?"

अण्णांची गोदावरीकाठी बरी जमीन आहे, गावात मोठं घर आहे, आणि कुणाचं ऐकायची सवय नाही. पत्नी गयाबाई वारल्यापासून त्या घरात ते एकटे असतात. मुलगा बालाजी इंजिनिअर. व्हिएतनाममधल्या एका कारखान्यात नोकरीला लागला आणि तिथल्याच ऑफिसातल्या लान नावाच्या मुलीशी त्यानं लग्न केलं. लग्नानंतर लान सोनपेठला आली, आठवडाभर राहिली आणि दही-केळ्यांवर दिवस काढून परत गेली. अण्णांना ते फार लागलं. "माझ्या दारातून सून उपाशी गेली," हे वाक्य त्यांनी त्या वर्षी भेटेल त्याला ऐकवलं.

पुढे बालाजीचा फोन आला. त्याच्या कंपनीच्या हैदराबाद शाखेत जागा होती. मागितली तर बदली मिळाली असती. लान मात्र हो म्हणत नव्हती. अण्णांनी फोन ठेवला आणि कारणही ठरवून टाकलं: पोरगी जेवणाला भ्याली. हैदराबाद म्हणजे परळीहून रात्रीची रेल्वे. व्हिएतनाम म्हणजे दोन विमानं. मुलगा सणासुदीला दिसणार की फक्त फोनवर, हे एका रश्श्यावर येऊन ठेपलं होतं. सुनेच्या देशाचं जेवण हैदराबादेत कुठं मिळतं ते बघायला त्याच आठवड्यात अण्णा तिकडं गेले.

पहिल्या फेरीत त्यांनी सोबत ज्वारीच्या भाकरी नेल्या होत्या. जिन्यावाल्याकडं रस्सा समोर आल्यावर त्यांनी जेवायच्या दोन काड्या बाजूला ठेवल्या आणि भाकरी कुस्करून वाडग्यात टाकली.

"क्या कर रै चचा?" वेटर घाबरून म्हणाला.

"खाना खा रा हूं. देख नै रा?"

पुढच्या फेऱ्यांत ते भाकरीशिवाय खाऊ लागले. प्रत्येक फेरीनंतर पारावर अहवाल होई. तांदळाच्या ओल्या पापडात कच्ची भाजी गुंडाळून देतात, त्यावर अण्णांचं मत: "पापड चांगला हाय, तळायचा इसरलेत." माशाच्या चटणीच्या वासावर कुणी नाक मुरडलं तर ते म्हणत, "आपल्या बाजारात सुकटवाली बसती, ती काय अत्तर इकायली का?" कॉफी गाळणीतून थेंबथेंब पडते हे त्यांना सर्वांत पटलं. "ठिबक हाय, ठिबक. निसतं सबशिडी न्हाई."

पारावर टिंगल होई. अण्णांवर तिचा परिणाम झाला नाही. तपास चालू आहे, एवढंच ते सांगत.

यंदा दिवाळीनंतर बालाजी आणि लान आले. विमान हैदराबादला उतरणार होतं. अण्णा त्यांना परस्पर जिन्यावाल्याकडं नेणार होते. शेजारी म्हणून त्यांनी मला सोबत घेतलं. "पंच पायजे," म्हणाले. "उद्या कुणी म्हणाया नको की सुनंला खाऊ घातलं न्हाई."

जिन्यावाल्याकडचे लोक अण्णांना ओळखत होते. बसायच्या आधीच पाल्याच्या दोन ताटल्या आल्या. अण्णांनी लान आणि बालाजीसाठी फो मागवला आणि स्वतः हाताची घडी घालून समोर बसले. मीही काही मागवलं नाही. अण्णांनी डोळ्यानंच थांबवलं होतं. पाहुण्यानं आधी जेवायचं, घरच्यानं समोर बसून बघायचं, वाढायचं, आग्रह करायचा. हॉटेल झालं म्हणून रीत बदलत नाही.

लाननं दोन घास घेतले आणि काड्या खाली ठेवल्या.

अण्णांचा चेहरा उतरला. "इच्यार रं तिला. पाला जून निघाला का?"

बालाजीनं विचारलं. ती बराच वेळ बोलली. बालाजी हसला, मग गंभीर झाला.

"अण्णा, ती म्हणते, रस्सा झकास आहे. पण तुम्ही असं बघत बसलात की तिला घास जात नाही."

"म्हंजी?"

"मागच्या वेळी आपण तिला एकटीला पाटावर बसवलं. घरातली, गल्लीतली सगळी मंडळी भोवती उभी. ती म्हणते, 'मला वाटलं ही परीक्षा आहे, आणि मी नापास व्हायलेय.' तिच्याकडं सगळे मिळून बसतात. मधे भांडं ठेवतात. एकट्यानं जेवणं म्हणजे काहीतरी बिनसलंय असं समजतात."

"आन् तिखट?"

"तिखट होतं. पण सवय झाली असती म्हणते."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. "मंग मी एवढ्या फेऱ्या मारून काय पाला खाल्ला?"

तेवढ्यात लाननं वेटरकडून दोन रिकामे वाडगे मागून घेतले, आपल्यातला रस्सा त्यांत ओतला, एक अण्णांसमोर सरकवला, एक माझ्यासमोर. मग ती थांबली. अण्णांनी घास घेतल्यावरच तिनं काड्या उचलल्या. त्यानंतर तिनं दुसरी ताटलीही संपवली.

सोनपेठला पोचल्यावर पहिल्याच रात्री अण्णांनी ओसरीवर सतरंजी अंथरून गोल पंगत मांडायला लावली. मधे पिठल्याचं पातेलं, भाकरीची टोपली, ठेच्याची वाटी. माझी बायको सुमन आणि मी होतोच. अण्णांच्या धाकट्या भावाची बायको कमळाबाई स्वयंपाकाला आल्या होत्या. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"मी वाढते. बसंन मागून."

"मागून न्हाई. आत्ता."

"मंग वाढणार कोण, भाऊजी?"

"हात हायेत की समद्यांला."

कमळाबाई बसल्या, पण सतरंजीच्या कडेवर, उठायच्या तयारीत. लाननं त्यांच्या ताटात भाकरी ठेवली, तेव्हा त्या नीट बसल्या.

जेवताना बालाजीनं सांगितलं, बदलीचा अर्ज टाकतोय, लान हो म्हणालीय. अण्णा "बरं" म्हणाले आणि त्यांनी आणखी एक भाकरी घेतली. त्यांच्या मानानं हा जल्लोष होता.

थोड्या वेळानं त्यांचं लक्ष सुमनकडं गेलं. ती तिसऱ्यांदा ठेचा घेत होती.

"सुमनबाई, तुमाला ठेचा लय आवडतो जणू."

"लय आवडतो, अण्णा."

अण्णांनी वाटी तिच्याकडं सरकवली आणि जेवायचे थांबले.

"आमच्या गयाबाईला काय आवडायचं, मला ठाव न्हाई," ते म्हणाले. "ती मागून जेवायची."

लाननं हळूच बालाजीला विचारलं. त्यानं तिच्या भाषेत सांगितलं. त्याला जरा वेळ लागला.

"करडीची भाजी," कमळाबाई म्हणाल्या. "कवळी. वरून कच्चं तेल घालून. आमी दोघी चुलीपाशी बसायचो तवा ताट पुसून खायच्या जाऊबाई."

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"तुमी कवा इचारलं, भाऊजी?"

अण्णा ताटाकडं बघून म्हणाले, "उद्या शेतातून कवळी करडी आणतो. तुमी करा. आन् ती किती तेल घालायची ते मला दावा."