रिठदच्या बालवाडीतली खेळणी

गावाचा विकास लहान मुलांपासून सुरू होतो. मुलं उंचीने कमी असल्यामुळे त्यांच्या डोक्यावरून तो मोठ्यांपर्यंत सहज पोचतो.

१९७९ साली रिठदच्या वच्छलाबाईंनी आपल्या बालवाडीसाठी खेळणी मागितली. (आधीही मागितली होती, चिकाटी हा त्यांचा दोष.) नेमका तेव्हाच सरपंच शेषरावांचा मेहुणा अमेरिकेहून घरी वापरायचा कॉम्प्युटर आणि छोटा टीव्ही घेऊन आला. त्यात एक खेळ होता. पेटीतून बाहुल्या, भोवरे, चावीच्या मोटारी पळत सुटायच्या आणि लाकडी शिपायानं त्यांना गोळ्या घालायच्या. पंचायतीनं हे यंत्र बालवाडीत मांडलं आणि खेळण्यांची मागणी पूर्ण झाल्याचं जाहीर केलं.

“पण पोरायच्या हाती काय देऊ?” वच्छलाबाईंनी विचारलं.

“हाती कायले देता? हाती देल्लं का तुटते,” शेषराव म्हणाले. “याच्यात एक मेली का दुसरी येते. पाहू द्या पोरायले.”

मुलांनी पाहायचं आणि पंचायतीनं खेळायचं, अशी कामाची वाटणी झाली. सगळे सदस्य वेळेवर हजर राहू लागले. (बैठकांना हा प्रकार अपरिचित होता.) मुलांना मात्र मध्येच शू लागायची आणि सरपंचांचा नेम चुकायचा. तेव्हा मुलांच्याच हितासाठी मुलांना ओसरीत काढण्यात आलं.

कॉम्प्युटरचं रिकामं खोकं वच्छलाबाईंनी ओसरीत ओढलं. पोरांनी त्याची एसटी केली. चार वर्षांची गंगू ड्रायव्हर झाली. रिसोड, वाशिम, मुंबई करत गाडी सुटली. बाईंनीही तिकीट काढलं, आणि पुष्कळ दिवसांनी त्या पोटभर हसल्या.

तेवढ्यात विजेची लाइन गेली. सदस्य बाहेर आले आणि एसटीकडे पाहत उभे राहिले.

“सरक गंगे,” शेषराव म्हणाले. “मी चालवतो.”

ते बसले, आणि खोकं चारी बाजूंनी फाटलं.

गंगूनं जो सूर लावला, तो लाइन परत आली तरी थांबेना. सदस्य वैतागले. शेवटी शेषरावांनी तिला उचलून टीव्हीसमोर बसवलं. ती एकदम गप्प झाली.

“पाह्यलं का बाई,” ते म्हणाले, “पोरायच्याच कामाचं हाय हे.”

वच्छलाबाई फाटका पुठ्ठा गोळा करत राहिल्या.

आपल्याला हसू आलं असेल, तर पंचायत आभारी आहे. फक्त आपल्याला हे निवांत वाचता यावं म्हणून घरातल्या पोराला कशासमोर बसवलंय, तेवढं एकदा पाहून या.