वीस आजारी कमी

आमच्या तालुक्यात आरोग्य अहवालावर सही झाली की आजाराला अहवालाप्रमाणे वागावं लागतं. एरवी याचा कुणाला त्रास होत नाही, कारण आजार उरकल्याशिवाय अहवाल सहसा तयारच होत नाही. फरांद्यांच्या साखरपुड्याचा अहवाल मात्र दुसऱ्याच दिवशी झाला.

जेवायला दोनशे माणसं होती. शंभर जणांनी बासुंदी खाल्ली, त्यातल्या साठ जणांना जुलाब लागले. शंभर जणांनी खाल्ली नाही, त्यातल्याही वीस जणांना लागले. तालुका आरोग्य अधिकारी डॉ. नाईकवाडे यांनी आकडे संगणकात भरले. संगणकाने ऑड्स रेशो सहा दाखवला. साहेबांनी लिहिलं, 'बासुंदी खाणाऱ्यांना आजाराचा धोका सहा पट', आणि सकाळी अकराला सही केली. आवक-जावक माझ्याकडे असल्याने शिक्का मी मारला.

साडेअकराला, बासुंदी पचवून ठणठणीत असलेली चाळीस माणसं पोट धरून दवाखान्यात आली. खाणारे शंभरच्या शंभर आडवे झाले. तरी भागेना. न खाणाऱ्यांत शेकडा वीस आजारी, त्याच्या सहा पट म्हणजे शेकडा एकशेवीस. वीस आजारी कमी पडत होते.

"न खाल्लेल्यांतले धडधाकट वीस बोलवा आणि उरलेली बासुंदी द्या," साहेब मला म्हणाले. "सहीचा अहवाल अपुरा ठेवता येत नाही."

यादीत पहिलं नाव नवरीच्या आत्याचं, सरलाबाईंचं निघालं. मधुमेहामुळे त्यांनी बासुंदीला हात लावला नव्हता. त्या घरची वाटी घेऊन आल्या.

"आजारी पडायला माझी ना नाही, पण साखर कमी चालेल का?"

परिपत्रकात तशी सोय नव्हती. मी वाटी भरून दिली.

तेवढ्यात आमची सांख्यिकी सहायक रेहाना मुजावर फिरतीवरून आली. तिने अहवाल उभ्याउभ्याच वाचला आणि सरलाबाईंच्या हातातली वाटी काढून टेबलावर ठेवली.

"सर, हे वीस जण खाऊन आजारी पडले की खाणारे होतील एकशेवीस. न खाणारे उरतील ऐंशी, त्यांत आजारी तेच वीस. म्हणजे शेकडा पंचवीस. त्याच्या सहा पट दीडशे. एकशेवीस माणसांत तुम्हाला एकशेऐंशी आजारी लागतील. आत्ता वीस कमी आहेत, मग साठ कमी पडतील."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे माझे सहा चुकले?"

"सहा बरोबर आहेत. ते धोक्याचे नाहीत, एवढंच. धोका काढताना आजाऱ्यांना सगळ्यांनी भागायचं. शंभरात साठ, शंभरात वीस. झाले तिप्पट. ऑड्स काढताना आजाऱ्यांना बऱ्या राहिलेल्यांनी भागायचं. साठ भागिले चाळीस, दीड. वीस भागिले ऐंशी, पाव. दीड म्हणजे पावाच्या सहा पट."

"आजवर कधी अडलं नाही ते?"

"हजारात दोघे-चौघे आजारी असले की दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच येतात. इथे पंगतच्या पंगत आडवी आहे."

"सही केलेला अहवाल मी खोटा कसा म्हणू, मुजावरबाई? वरून विचारणा होईल."

"खोटा म्हणूच नका. शुद्धिपत्रक काढा. ऑड्स सहा, धोका तीन. विचारणा झाली तर फोन माझ्याकडे द्या."

वॉर्डातून कुणीतरी कळवळून ओरडलं. साहेबांनी कागद ओढला आणि पावणेएकला सही केली. मी शिक्का मारला.

दहा मिनिटांत चाळीस माणसं उठून बसली आणि चपला शोधू लागली. सरलाबाईंनी रेहानाच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्या घरी गेल्या.

उरलेले ऐंशी जण तसेच पडून होते. ते खरोखर आजारी होते. रेहानाने बाह्या सरसावल्या आणि मीठ-साखरेच्या पाण्याची बादली उचलून ती वॉर्डात शिरली.