बारा नंबरचा बेकायदा जिवंतपणा

जर्मनीतल्या गटिंगनच्या एका संशोधन संस्थेत सोमवारी सकाळी बारा नंबरचा उंदीर जिवंत आढळला. बाब गंभीर होती. परवान्यानुसार तो शुक्रवारपर्यंत मरायला हवा होता.

त्याच्या यकृतात जन्मजात खोट. प्रयोगशाळेतल्या वीबके हार्म्सने त्याचं पोट उघडून, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर बसवलेलं दुरुस्त जनुक बारीक सुईने थेट यकृतात सोडलं होतं. अकरा भावंडांना मात्रा कमी पडली. ती बिचारी वेळापत्रक पाळून मेली. याला पुरेपूर मिळाली आणि हा निर्लज्जासारखा चाकावर पळत होता.

वीबके प्राणिकल्याण अधिकारी ओलेनडॉर्फ यांच्याकडे धावली. “डॉक्टरसाहेब, लागू पडलं! तीन वर्षं घासलीत यासाठी. फक्त तीन महिने मुदतवाढ द्या.”

“फ्राउ हार्म्स, साठ दिवसांच्या यातना मंजूर आहेत. आज त्रेसष्टावा.”

“अहो, पण त्याला यातनाच नाहीत!”

“मग त्या नसण्याची परवानगी दाखवा.”

“आत्ता अर्ज करते.”

“करा की. समिती सप्टेंबरात बसते. तोवर मृत्यूच्या तारखेचा रकाना रिकामा चालत नाही. संगणक पुढचं पानच उघडत नाही.”

“मग काय, मान मोडू त्याची?”

“छे, छे! आपण कल्याणवाले आहोत.” साहेबांनी स्वतःच शुक्रवारची तारीख टाकली. पान उघडलं. “झालं. गेला बिचारा. शांतपणे.”

वीबकेचा जीव भांड्यात पडला. “म्हणजे आता ठेवू ना त्याला?”

“कुणाला? आमचा उंदीर मेला. तुमच्या पिंजऱ्यात आहे तो विनानोंद, म्हणजे उपद्रव. उपद्रव आमच्याकडे येत नाही. तो इमारतीची देखभाल बघणाऱ्या क्नोकेंकडे.”

क्नोके तळघरातून उंदीर धरायचा चिकट पुठ्ठा घेऊन वर आले. “कुठाय तुमचा मेलेला?”

वीबके पिंजऱ्यासमोर आडवी आली. “क्नोके, त्यावर तासन्‌तास तडफडेल हो तो!”

“तडफडू दे की, बाई. याला अर्ज लागत नाही.” त्यांनी तिला हळूच बाजूला केलं.

दुपारी अहवाल रवाना झाला : बारापैकी बारा मृत, उपचार निष्फळ, प्रकल्प बंद. प्राणिकल्याणाच्या नियमांचा भंग : नाही.

हळहळलात? उत्तम. आता उठा, ओट्याखाली वाका आणि काल लावलेल्या पुठ्ठ्यावर अजून काही हलतंय का, तेवढं बघून या.