डाव्या हाताची बॅग

बॅग घ्यायला गेलेली माणसं ती हातात घेतात, आत डोकावतात, चेन दोनदा ओढून बघतात. आमचे दौलतनाना दुकानात गेले की डोळे मिटतात. उजवा हात सदऱ्याच्या खिशात खोचतात, डावा पुढे करतात आणि काउंटरमागच्या माणसाला हुकूम सोडतात, "मोज!"

"काय मोजू, नाना?"

"एक ते दहा. हळू मोज, पयू नको."

घरून आणलेली ग्लुकोजची पुडी बॅगेत टाकून चेन लावलेली असते. दहाच्या आत एकट्या डाव्या हातानं, न बघता, ती पुडी बाहेर आली पाहिजे. नाही आली, तर नाना डोळे उघडतात, बॅग दोन बोटांनी लांब सारतात आणि म्हणतात, "हिन्हामा प्ले शे." धुळ्याला आग्रा रोडवर तीन दुकानांत हा प्रयोग मी शेजारी उभं राहून पाहिला आहे. तिसऱ्या दुकानात माझ्या दोन माजी विद्यार्थिनी पर्स घ्यायला आल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाना मात्र डोळे मिटून शांतपणे चाचपडत होते.

शिंदखेड्यात नानांच्या आणि माझ्या घराची भिंत एकच. उभा जन्म त्यांनी कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून काढला. यंत्राचा एखादा भाग सैल झाला की फिटर लोक त्यात 'प्ले' आहे म्हणतात. नानांनी तो शब्द निवृत्तीनंतर घरी आणला आणि साऱ्या जगाला लावला. खुर्चीत प्ले, नळात प्ले, सुरतेला असलेल्या मुलाच्या बोलण्यात प्ले. मी एकदा अर्धा चमचा कमी मीठ घातलेली खिचडी पाठवली, तर भांडं परत करताना म्हणाले, "बाई, खिचडी चांगली. जरासा प्ले व्हता." त्या दिवशी मी त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. त्यांना ते कळलंच नाही, हा आणखी वेगळा राग.

पण बॅगेची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. नानांच्या बायकोला, अक्कांना, दोन वर्षांपूर्वी लकवा झाला. चालतात, बोलतात, पण उजवा हात कामातून गेला. त्यात साखरेचा आजार. गोळी घेतली आणि जेवण लांबलं, तर साखर एकदम उतरते, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. होळीच्या आधी असंच झालं. ग्लुकोजचा डबा स्वयंपाकघरात आणि अक्का अंगणात. नाना दळण आणायला गेले होते. परत आले तेव्हा अक्का तुळशीपाशी पडलेल्या, कपाळ फुटलेलं.

कपाळाची जखम आठवड्यात भरली. नाना काही भरले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी बॅग शोधायला घेतली. तळहाताएवढी, अंगावर राहणारी, आत ग्लुकोज, कापूस, बँडेज, मलम आणि माझा फोन नंबर. डोळ्यांपुढे अंधारी येणार म्हणून डोळे मिटून उघडायची, आणि हात डावाच.

अक्कांचं म्हणणं अगदी साधं होतं. "कनवटीले खडीसाखर बांधी लेसू. कसाले इतला कुटाना?"

"घामघाई इरघळी जाई," नाना म्हणाले. "आनि मुंग्या?"

मुंग्यांचीही परीक्षा झाली. नानांनी चार पिशव्यांत साखर भरून त्या ओट्याखालच्या वारुळाजवळ मांडल्या आणि स्वतः स्टूल टाकून बसले. येणारा जाणारा विचारायचा, नाना काय करताय? नाना म्हणायचे, "टेस्टिंग." दोन तासांत तीन पिशव्या नापास. चौथी पास झाली, पण तिची चेन अक्कांच्या बोटांना हलेना. मग पुन्हा धुळे, पुन्हा आग्रा रोड, पुन्हा "मोज". मुलींची कंपासपेटी, कॅमेऱ्याचं पाकीट, न्हाव्याची पेटी, काही सोडलं नाही. मी एकदा चिडून म्हटलं, "नाना, सून पसंत करताना तरी इतका वेळ लावला होता का?"

"तठेच चुकनू," नाना म्हणाले.

हे सगळं चालू असताना स्वतःच्या पोटाकडे मात्र नानांचं लक्ष नव्हतं. त्यांना हर्निया होता. डॉक्टरांनी दोनदा ऑपरेशनची तारीख दिली, नानांनी दोनदा पुढे ढकलली. कारण काय, तर बॅग मिळाली नाही. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी मलाच फोनवर सुनावलं, की आतडं अडकलं तर चौथी तारीख घ्यायला नाना उरणार नाहीत. ऑपरेशन धुळ्याला, मंगळवारी. मुक्काम चार दिवसांचा. सुरतेच्या सुनेचे दिवस भरत आलेले, म्हणून तिकडून मुलगा निघू शकत नव्हता. नानांसोबत माझे यजमान जाणार होते. अक्का धुळ्याला यायला तयार नव्हत्या, माझ्याकडे झोपायलाही नाही. "मन्हं घर शे," एवढंच म्हणाल्या. म्हणून त्यांचं जेवण मी नेऊन द्यायचं ठरलं.

रविवारी बॅग मिळाली. मोटारसायकलवाले कमरेला बांधतात तसली, खाकी, जाड कापडाची. नानांनी डोळे मिटले. दुकानदारानं सहा म्हणेपर्यंत पुडी टेबलावर. मला तिथेच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. घरी आणून पट्टा अक्कांच्या गळ्यात अडकवला, तर समोरची बाई विचारती झाली, "अक्का, कंडक्टर लागल्या का?" सोमवारी दिवसभर अक्कांची तालीम चालली. अकरा वेळा. अक्का वैतागल्या, पण उघडत होत्या.

निघताना नाना मला म्हणाले, "बाई, जेवन एक वाजता. गोळी पावने एकले. दारले कडी लावू देऊ नका." त्यांच्या आवाजात मला पहिल्यांदाच प्ले ऐकू आला. मी म्हटलं, निश्चिंत जा.

मंगळवारी ऑपरेशन नीट झालं. बुधवारी मी चूक केली.

चूक माझीच, ती मी कुणावर ढकलणार नाही. सुट्टीचे दिवस, बाहेर मे महिन्याचा फुफाटा, आणि बहिणीचा फोन आला. तिच्या मुलीचं लग्न मोडायच्या बेतात होतं. ती रडत होती, मी समजावत होते. घड्याळाकडे बघितलं तेव्हा पावणेदोन. अक्कांनी गोळी घेतलेली असणार, ठरल्या वेळी, कारण नानांनी कागदावर तसं लिहून भिंतीला चिकटवलं होतं. मी ताट उचललं आणि धावले.

दाराला आतून कडी. दुपारच्या झळांनी दार आपटतं म्हणून उभ्या जन्माची सवय, अक्कांनी लावून घेतली होती. मी हाका मारल्या. उत्तर नाही. खिडकीशी गेले. आत अक्का भिंतीला टेकून जमिनीवर बसलेल्या, लुगडं घामानं चिंब, बॅग मांडीवर. डावा हात चेनीवर होता आणि सारखा घसरत होता.

"अक्का, ओढा! जोरात ओढा!"

बोटं पुन्हा घसरली. पुन्हा. मला काही समजेना. सोमवारी अकरा वेळा उघडलेली चेन! मी गजातून हात घातला, तो कोपरापर्यंतच गेला. समोरच्या घरातला माणूस पहार आणायला पळाला. मी नुसती ओरडत होते. मला आयुष्यात इतकं निरुपयोगी कधी वाटलं नाही. अक्कांची मान एका बाजूला कलंडली, आणि मला वाटलं, संपलं.

मग अक्कांनी मान वर केली. बॅग दोन गुडघ्यांत धरली, खाली वाकल्या आणि चेनीचा रनर दातांत पकडला. मान झटक्यानं मागे घेतली. चेन फाडल्यासारखा आवाज झाला. पुडी दातांनीच फोडली, अर्धी तोंडात, अर्धी छातीवर. भुकटी गिळता गिळता "अहो" अशी बारीक हाक मारली. किती तरी वेळ त्या तशाच बसून राहिल्या, ओठांवर पांढरी भुकटी घेऊन. पहारीनं कडी निघाली, तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाकर थंडी व्हयनी का?"

मी तिथेच त्यांच्याशेजारी बसून रडले.

चेन का घसरली, ते बॅग हातात घेतल्यावर कळलं. निघायच्या आधी नानांनी तिला ग्रीस लावलं होतं. चांगलं जिनिंगचं ग्रीस, हात लावीन तिथे. जे अडतं त्याला ग्रीस, हा फिटरचा धर्म. उन्हानं ते पातळ होऊन रनरभर पसरलं होतं. दोन महिने डोळे मिटून निवडलेली बॅग नानांनी शेवटच्या घटकेला स्वतःच्या हातानं निकामी केली होती.

शुक्रवारी नाना आले. पोटाशी हात धरून, एकेक पाऊल जपून टाकत. मी आधी माझी चूक सांगितली, सगळी, फोनसकट. मग ग्रीस सांगितलं. मग दात. नाना बॅग हातात घेऊन ऐकत होते. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार, किंवा निदान बॅगेची तरी. ते रनरवरून नुसता अंगठा फिरवत राहिले.

मग अक्कांकडे न बघता म्हणाले, "मन्ही याद उनी का?"

मी चपापले. चाळीस वर्षांच्या संसारात माझी आठवण आली का, हा प्रश्न या घरात कुणी विचारला असेल, असं मला वाटत नाही. मी उठून जायला हवं होतं, पण बसूनच राहिले.

अक्का पदर सारखा करत म्हणाल्या, "दातमा बॅग व्हती. तुमले हाक कशी मारू?"

नानांनी बॅग मांडीवर ठेवली.

"सुटनी, मंग मारी," अक्का म्हणाल्या.

ती "अहो" मी खिडकीतून ऐकली होती. तेव्हा मला वाटलं, त्या मला बोलावताहेत, आणि मी "आले, आले" म्हणून ओरडलेही होते. हे मी नानांना सांगितलं नाही. नानांनी खांद्यावरचा रुमाल घेतला आणि ग्रीस पुसायला बसले. ते ग्रीस मी बुधवारीच साबणानं धुऊन काढलं होतं. तरी ते खाली मान घालून बराच वेळ पुसत राहिले.