खांबेट्यांचा देव, इंगळ्यांची सही

आमच्या वारज्याच्या सोसायटीत सूचनाफलकावर दोन कागद कायम असतात. एक पाण्याची टाकी कधी धुणार याचा आणि दुसरा देव आहे याचा. टाकीचा कागद सेक्रेटरी लावतात, त्यामुळे टाकी धुतली जात नाही. देवाचा कागद तिसऱ्या मजल्यावरचे खांबेटे लावतात आणि गेल्या वर्षापर्यंत तो दर महिन्याला न चुकता बदलायचा.

खांबेटे एका कारखान्यात छत्तीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. त्यामुळे त्यांचा देवाचा पुरावा म्हणजे रीतसर ड्रॉइंग असतं. चौकटी, बाण, तुटक रेषा, आणि उजव्या कोपऱ्यात खाली तक्ता: 'विषय: ईश्वर. पुरावा क्र. ३, सुधारणा ११. स्केल: लागू नाही. काढले: खांबेटे. तपासले: इंगळे.' सगळ्यात खाली ठळक अक्षरांत, 'हरकती असल्यास सात दिवसांत लेखी कळवाव्यात. तोंडी हरकतींचा विचार होणार नाही.'

आजवर एकच लेखी हरकत आली. फलक सोसायटीच्या कामासाठी आहे, असं एका सभासदाने लिहिलं होतं. खांबेट्यांनी त्याखाली लाल शाईने उत्तर दिलं, 'देव सोसायटीच्या कामाचा नाही, हे आधी सिद्ध करावे.' ते कोणी केलं नाही. आमच्या सभेला गणसंख्याच होत नाही.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, गृहस्थ मोठे भाविक असणार. मलाही सुरुवातीला वाटलं होतं. पण गणपतीत आम्ही सगळे आरतीला घसा फोडत असताना खांबेटे हात मागे बांधून उभे राहतात आणि मांडवाचा बांबू ओळंब्यात आहे का ते बघतात. एकदा मी न राहवून विचारलं, "अहो, देव आहे म्हणता, मग हात का जोडत नाही?"

"त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज एकशेऐंशी असते," खांबेटे म्हणाले. "मान्य आहे ना?"

"आहे."

"मग त्रिकोणाला उदबत्ती ओवाळता का?"

मी रोज सकाळी देवाला उदबत्ती लावून ऑफिस गाठणारा साधा माणूस. मीही बांबूकडे बघू लागलो. खांबेट्यांशी बोलताना असे प्रसंग फार येतात. "काहीतरी शक्ती असणारच हो," असं कोणी म्हणालं की ते तिथल्या तिथे थांबवतात. "असं ढोबळ नको. स्केलमध्ये बोला." भाजीवालीने "देवाच्या दयेने मेथी ताजी आहे" म्हटलं, तेव्हा तिलाही त्यांनी स्केलमध्ये बोलायला लावलं. तिने त्यांना मेथी देणं बंद केलं.

आता त्या कागदावरच्या 'तपासले: इंगळे' या मजकुराबद्दल. इंगळे त्याच कारखान्यात तपासणी विभागात होते. मूळचे अकोल्याकडचे, नोकरीपायी हडपसरला आले आणि तिथेच राहिले. खांबेटे पार्टचं ड्रॉइंग काढायचे आणि तयार झालेला पार्ट इंगळे मापं घेऊन नापास करायचे. दोघांच्या मैत्रीचा पाया असा भक्कम होता. इंगळ्यांचा देवावर काडीचा विश्वास नव्हता. निवृत्तीनंतर ड्रॉइंगं संपली आणि नापास करायला पार्टही उरले नाहीत, तेव्हा दोघांनी देवालाच कामाला लावलं.

दर शनिवारी खांबेटे कागदाची गुंडाळी काखेत मारून दोन बस बदलत हडपसरला जात. पुण्यात वारज्याचा माणूस हडपसरला एक तर नोकरीसाठी जातो, नाही तर लग्नाला, तेही घरचं असेल तर. खांबेटे वादासाठी जात आणि संध्याकाळी हरून, अगदी खुशीत परत येत.

"काय म्हणाले आज इंगळे?" असं जिन्यात विचारलं की पाऊण तास गेलाच समजायचा. खांबेट्यांचं म्हणणं, साधा नटबोल्टसुद्धा ड्रॉइंगशिवाय होत नाही, मग एवढं जग कसं होईल? त्यावर इंगळे म्हणाले होते, "पण साहेब, माल पाहा ना तुमच्या देवाचा. हा गुडघा पाहा. साठीच्या आत झिजते. असा पार्ट म्या गेटाबाहेर नसता जाऊ दिला." दुसऱ्या शनिवारी खांबेट्यांनी मांडलं, की सर्वांत परिपूर्ण अशा एकाची आपण कल्पना करू शकतो, आणि जो परिपूर्ण आहे तो मुळात नाहीच, असं कसं होईल? इंगळे म्हणाले, "परिपूर्ण कँटीनची कल्पना म्या तीस वर्ष केली. मिळाली काय?"

अशा प्रत्येक कागदावर इंगळे तक्त्यात सही करून वर 'नामंजूर' लिहीत. आणि खांबेटे तो नामंजूर पुरावाच आमच्या फलकावर लावत. मी म्हटलं, निदान कोरी प्रत तरी लावा, बघणाऱ्याला काय वाटेल? त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू टाकी माझ्यामुळेच धुवायची राहिली आहे. "न तपासलेलं ड्रॉइंग लावायचं? आम्ही तसली कामं केली नाहीत." त्या एका 'मंजूर'साठी हा माणूस अकरा-अकरा सुधारणा करत होता. देवाला आपण पटलो काय आणि न पटलो काय, त्यांना इंगळ्यांना पटवायचं होतं.

गेल्या वर्षी फलकावरचा कागद बदलेनासा झाला. एक महिना, दोन महिने. टाकीच्या सूचनेशेजारी तीच सुधारणा पिवळी पडत चालली. लोकांना बरंच वाटलं. मग एका शनिवारी सकाळी खांबेटेकाकूंनी मला गाठलं. "यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि बसने हडपसरला निघालेत. ऐकत नाहीत. तुम्हाला सुट्टी आहे ना?" पुण्यात कोणी सुट्टीची चौकशी केली की सुट्टी गेलीच. मी निघालो.

इंगळ्यांना दोन महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, हे मला बसमध्ये कळलं. खांबेट्यांनी ते पावसाचा अंदाज सांगावा तसं सांगितलं आणि गुंडाळी मांडीवर घट्ट धरून बसले.

दार इंगळेवहिनींनी उघडलं. इंगळे खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर निपचित होता. आम्हाला बघताच त्यांनी तो डाव्या हाताने उचलला आणि नमस्कार केला. खांबेट्यांना केला, मला केला, मग भिंतीवरच्या कॅलेंडरला केला. त्या कॅलेंडरवर पाण्याच्या पंपाचं चित्र होतं.

"दिवसभर असंच चालते जी," वहिनी म्हणाल्या. "जे दिसते त्याले हात जोडतात. जन्मात कधी देवळाची पायरी नाही चढले."

खांबेट्यांनी कागद उलगडला. पुरावा क्र. ७. दर रेषेवर बोट ठेवून ते मोठ्याने सांगू लागले. इंगळे प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. "हो," ते म्हणायचे, "आहे. देव आहे."

"असं कसं, इंगळे? गुडघा आठवा. गुडघ्याबद्दल काय म्हणायचात तुम्ही?"

इंगळ्यांनी गुडघ्याकडे पाहिलं आणि त्यालाही हात जोडले.

खांबेटे उठले. खुर्ची उचलून इंगळ्यांच्या शेजारी, त्यांच्या बाजूला ठेवली आणि मला म्हणाले, "तुम्ही समोर बसा. देवाच्या बाजूने बोला. मी इंगळ्यांच्या बाजूने आहे."

आता माझी पंचाईत बघा. आयुष्यभर उदबत्ती लावली, पण देवाची वकिली करायची वेळ कधी आली नव्हती. मी म्हटलं, "काहीतरी शक्ती असेलच की."

"किती अश्वशक्ती?" खांबेटे गरजले. मग इंगळ्यांचे सगळे मुद्दे त्यांनी एकामागून एक काढले. गुडघा, कँटीन, सगळ्याला पहिला धक्का देवाने दिला तर देवाला कोणी दिला, दुष्काळ, भूकंप. स्वतःच्या देवाची त्यांनी अशी काही धुलाई केली, की मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली. प्रत्येक मुद्द्यानंतर ते शेजारी वळून विचारायचे, "बरोबर ना इंगळे? असंच म्हणायचात ना?"

इंगळे त्यांच्याकडे बघून हसत होते. शेवटी वहिनींनी सवयीने पेन पुढे केलं. इंगळ्यांनी डाव्या हाताने, वेळ घेत, तक्त्यात वाकडीतिकडी सही केली आणि वर लिहिलं, 'मंजूर'.

खांबेट्यांनी कागद गुंडाळला. पंधरा वर्षांत जे मिळालं नव्हतं ते काखेत मारून ते जिना उतरले. मी मूर्खासारखा म्हणालो, "चला, अखेर मंजूर झालं."

"दुसऱ्या पायरीवर चूक आहे," ते म्हणाले. "ढळढळीत. मीच मुद्दाम ठेवली होती. एरवी इंगळ्यांनी ती दारातूनच पकडली असती."

परतीच्या बसमध्ये जागा मिळाली. खांबेट्यांची चेष्टा करायची इतकी सवय झालेली, की त्यांच्याबद्दल वाईट वाटत असताना काय करायचं, ते मला येतच नव्हतं. स्वारगेटपर्यंत मी तिकिटाच्या घड्या घालत राहिलो.

मग ते समोर बघतच म्हणाले, "देव असला काय, नसला काय, माझं आजवर कधी अडलं नव्हतं. शनिवार चांगला जायचा. आता अडलंय."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ऑपरेशनच्या काळ्या चष्म्यामुळे डोळे दिसत नव्हते.

"मला सात पुरावे पाठ आहेत," ते म्हणाले. "पण मागतात कसं, ते माहीत नाही. तुम्ही रोज उभे राहता ना देवापुढे? सुरुवात कशी करायची?"

रोज उभा राहतो खरा, पण डोक्यात ऑफिस असतं. म्हटलं, "ज्याच्यासाठी मागायचं, त्याचं नाव घ्या आधी."

खांबेट्यांनी थोडा विचार केला. कागदाची गुंडाळी पायाशी ठेवली, हात जोडले, आणि पुन्हा माझ्याकडे वळले.

"पूर्ण नाव सांगतो," ते हळूच म्हणाले. "आणि पत्ता पण सांगू ना? हडपसरला इंगळे पुष्कळ आहेत हो."