कार्डापायी कपाट

शनिवारी सकाळी चहाचे कप अजून टेबलावरच होते आणि विमावाल्याने स्क्रूड्रायव्हर हातात घेतला.

"दुकानातला माणूस सोमवारी येऊन बसवून देतो म्हणाला होता," बायको म्हणाली.

"सोमवारी सकाळी तुझी मीटिंग आहे. त्यानंतर बसवून काय करायचंय? कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढायचं, कार्ड खोचायचं, झाकण लावायचं. यात माणूस कशाला लागतो?"

मुद्दा बिनतोड होता. नोकरी सोडून तिने घरबसल्या स्वतःचं काम सुरू केलं होतं. अजून न बांधलेल्या खोल्या बांधून झाल्यावर कशा दिसतील, याची हुबेहूब चित्रं ती कॉम्प्युटरवर करून द्यायची. पहिलंच मोठं काम आलं होतं, एका वाचनालयाचं. पण जुन्या कॉम्प्युटरचा जीव केवढासा. एक खुर्ची दाखव म्हणून सांगावं आणि भाजी आणून, निवडून, चिरून परत यावं, तर खुर्चीला तीनच पाय आलेले असत. म्हणून हे नवं ग्राफिक्स कार्ड. ते बसवलं की शनिवारची आणि रविवारची रात्र मशीन चालू ठेवायचं, आणि सोमवारी अख्खं वाचनालय तयार, असा बेत होता.

विमावाल्याला सगळी इमारत विमावालाच म्हणायची, पण तो विमा विकत नसे. आग लागलेली दुकानं आणि गोदामं बघून आग कशाने लागली, ते कंपनीला कळवायचं हे त्याचं काम. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून त्याला असं वाटायला लागलं होतं, की चुका ही दुसऱ्यांनी करायची गोष्ट आहे.

कॉम्प्युटर आतल्या खोलीत होता. तीच त्याच्या आईची खोली. एका भिंतीला आईची कॉट, तिच्या उशाशी भिंतीला पाठ लावून उभं असलेलं भलंमोठं लाकडी कपाट आणि पलीकडे कॉम्प्युटरचं टेबल. आई कॉटवर मांडी घालून बसली आणि मुलाचं काम बघू लागली.

कार्ड बसलं. अगदी टक् असा आवाज करून बसलं. त्याने आतली जादा वायर जोडली, झाकण लावलं, जमिनीवर ठेवलेल्या डब्याचं बटण दाबलं. पंखे फिरले. कार्डावरचा निळा दिवा लागला. स्क्रीन मात्र काळी ती काळीच.

"येईल," विमावाला म्हणाला. "नवीन आहे. ओळख पटायला वेळ लागतो."

आईने मान डोलावली. सून नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिलाही सगळ्यांची ओळख पटायला वेळ लागला होता. पण सून निदान स्वयंपाकघरात दिसायची तरी. हे कार्ड काही दिसेना.

त्याने कार्ड काढलं. स्क्रीन लागली. कार्ड बसवलं. स्क्रीन गेली. पुन्हा काढलं, लागली. पुन्हा बसवलं, गेली. बायको दारात येऊन उभी राहिली.

"काढलेलं असताना चालतंय ना?" ती शांतपणे म्हणाली.

"हो."

"मग हे न बसवण्यासाठी आणलंय का आपण?"

त्याने दुकानदाराला फोन लावला. दुकानदाराच्या मागे गिऱ्हाइकांचा कालवा चालला होता.

"पंखे फिरतात? दिवा लागतो? मग कार्ड जिवंत आहे. रॅमची पट्टी काढून खोडरबरने पुसा. आणि केबल बघा."

"सगळ्या केबल घट्ट आहेत," विमावाला म्हणाला. "ओढून बघितल्या मी."

घरात खोडरबर बायकोच्या ड्रॉइंगच्या डब्यात सापडला. रॅम चकाचक झाली. स्क्रीन तशीच. मग पुन्हा फोन लावल्यावर दुकानदाराने विचारलं, "कार्ड काढलं की लागते म्हणता ना? मग पॉवर कमी पडतेय. एक्स्टेन्शनवर लावलंय का तुम्ही?"

विमावाल्याने खाली बघितलं. टेबलाखाली एक्स्टेन्शन बोर्ड होता. त्यात कॉम्प्युटर, स्क्रीन, आईची शेक घ्यायची विजेची पिशवी, इस्त्री आणि कुणाचा तरी चार्जर असे सगळे दाटीवाटीने बसले होते. त्याची वायर कपाटामागे जाऊन गडप झाली होती.

"आहे," तो जरा खालच्या आवाजात म्हणाला.

"मग थेट भिंतीत लावून बघा. तरी नाहीच आलं तर कार्ड बदलून देईन. मी मागाहून फोन करतो."

भिंतीतलं सॉकेट कपाटामागे होतं. कपाट हलवायचं तर आधी रिकामं करायला हवं. आणि ते कपाट रिकामं करायचं म्हणजे संसार उलगडायचा. विमावाल्याच्या पुन्हा बारीक झाल्यावर घालायच्या पँटी निघाल्या, आईने जपून ठेवलेल्या पिशव्यांची पिशवी निघाली, आणि कुणीतरी दिलेला एक काचेचा सेट निघाला. तो कुणी दिला होता हे आठवत नसल्याने तो कुणालाच पुढे देता येत नव्हता. सगळं कॉटवर, टेबलावर, खुर्चीवर चढलं. आई मधल्या मोकळ्या जागेत उभी राहिली.

"आई, तुम्ही बाहेर बसा ना," सून म्हणाली.

"नको. माझ्या वस्तू कुठे ठेवतोय ते बघू दे."

रिकामं झालेलं कपाटही दोघांना हलेना. बायको वरच्या मजल्यावरच्या काकांना घेऊन आली. काकांनी सगळी हयात लोकांना गाडी चालवायला शिकवण्यात घालवली होती. त्यांनी कपाटाभोवती एक फेरी मारली, विमावाल्याला एका कडेला लावलं, त्याच्या बायकोला दुसऱ्या, आणि स्वतः दारात उभे राहिले.

"घाई नाही करायची," काका म्हणाले. "आधी मागे बघायचं. आता हळूहळू सोडा. डावीकडे घ्या. डावीकडे म्हणजे तुमच्या नाही, कपाटाच्या."

"कपाटाचं डावं कोणतं?" विमावाल्याने धापा टाकत विचारलं.

"ड्रायव्हर जिकडे तोंड करून बसेल त्याचं डावं."

"काका, यात ड्रायव्हर नाहीये."

"म्हणून तर अडकलंय," काका म्हणाले.

शेवटी काकांनीच येऊन खांदा दिला. कपाट किरकिरत पुढे सरकलं आणि एका बाजूने तिरकं होऊन थांबलं. विमावाल्याने प्लग घेऊन मागे डोकं घातलं आणि तो तिथेच थबकला.

"काय झालं? जागा नाही का?" बायकोने विचारलं.

तो बाजूला झाला. सॉकेट वितळून मेणासारखं खाली ओघळलं होतं. वर भिंतीवर काळी जीभ उमटली होती. कपाटाची पाठ हाताच्या पंज्याएवढी जळून कोळसा झाली होती, आणि त्याच्या आतल्या कप्प्यातली, आता कॉटवर पडलेली चादर बायकोने उलगडली, तर तिच्या घडीच्या कडेला तपकिरी डाग पडला होता. इस्त्री विसरल्यावर पडतो तसा.

काकांनी न सांगता जाऊन मेन स्विच बंद केला.

"म्हणजे तो वास हाच," आई म्हणाली. गेले काही दिवस ती खोलीत जळकट वास येतो म्हणायची, आणि विमावाला तिला शेजाऱ्यांचं दूध उतू गेलं असेल म्हणून सांगायचा. आता त्याला तिच्याकडे बघवेना. आईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे," ती म्हणाली. "त्यांचं दूधही जातं अधूनमधून."

वायरमन आला तो बॅटरी घेऊनच. त्याने सॉकेट काढलं, हातात घेऊन फिरवून बघितलं आणि विचारलं, "साहेब, हे शेवटचं कधी बघितलं होतं?"

हा प्रश्न विमावाल्याचा होता. जळक्या दुकानात उभं राहून, भुवई जरा वर करून तो हाच प्रश्न विचारायचा, आणि पुढचा माणूस चपलेकडे बघू लागला की त्याला आपल्या कामाचं समाधान वाटायचं. आता तो आपल्या चपलेकडे बघू लागला.

"नाही बघितलं," तो म्हणाला.

"कुणीच बघत नाही," वायरमन म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि त्यामुळे विमावाल्याला जास्तच लागलं. "आज बघितलंत ते बरं झालं. हे फार दिवस काढणार नव्हतं."

त्याने जळकी वायर बदलली, नवं जाडजूड सॉकेट बसवलं, कॉम्प्युटरला वेगळी जागा करून दिली आणि इस्त्रीला त्या खोलीतून हद्दपार करायला सांगून तो गेला. कपाट भिंतीपासून हातभर पुढेच ठेवायचं ठरलं. खोली लहान झाली, पण कुणाची तक्रार नव्हती. काका चहाला थांबले. आई दर थोड्या वेळाने उठून नवं सॉकेट बघून येत होती, पाळण्यातलं मूल झोपलंय ना हे बघावं तशी.

मग सगळ्यांच्या साक्षीने कॉम्प्युटर थेट भिंतीत लावला आणि बटण दाबलं. पंखे फिरले. निळा दिवा लागला. स्क्रीन काळी.

गंमत म्हणजे कुणी चिडलं नाही. "राहू दे त्याला," आई म्हणाली. "आज पुष्कळ काम केलंय त्याने." बायकोने चहाचा ट्रे उचलला आणि बाहेर जाता जाता म्हणाली, "खरंच राहू दे. मी कार्ड काढून जमतील तेवढी चित्रं करते. वाचनालयवाल्यांना सांगेन, उरलेलं मनात बघा." काकाही उठून गेले.

विमावाला शेवटचं बघावं म्हणून टेबलाखाली शिरला आणि मोबाइलचा दिवा डब्याच्या पाठीमागे धरला. स्क्रीनची केबल ज्यात लावायची, ती नव्या कार्डाची तोंडं खाली होती. सगळी रिकामी. त्यांच्यावर कंपनीने घातलेली छोटी प्लास्टिकची टोपणंही शाबूत होती. आणि स्क्रीनची केबल वर, कार्ड बसलं की बंद पडणाऱ्या जुन्याच जागी खोचलेली होती. खरोखरच अगदी घट्ट.

तो तसाच ओणवा बसून राहिला. दुकानदाराने केबल बघा म्हटलं होतं. त्याने बघितली नव्हती, ओढली होती. ही केबल सकाळीच योग्य जागी लागली असती, तर स्क्रीन तिथल्या तिथे उजळली असती. बायको खूश झाली असती, त्याने स्क्रूड्रायव्हर हवेत उडवून झेलला असता. मग रात्री आई कपाटाला डोकं लावून झोपली असती, आणि पलीकडे नवं कार्ड त्याच सॉकेटमधून दुप्पट वीज ओढत सकाळपर्यंत वाचनालय रंगवत बसलं असतं. आईला झोपेत वास येत नसे. पुढचं त्याला नीट ठाऊक होतं. तो रोज तेच तर बघत होता.

त्याने टोपण काढलं, केबल खाली लावली. टेबलाच्या वर उजेड पडला.

"आलं," आई म्हणाली. "अगं, आलं बघ."

बायको धावत आली. "कसं काय? पॉवरचाच प्रॉब्लेम होता ना?"

हो म्हणायला काही हरकत नव्हती. काकांनी तर सॉकेटची गोष्ट जिन्यात सांगायलाही सुरुवात केली असणार. विमावाला टेबलाखालून निघाला, गुडघे झटकले आणि हातातलं टोपण तिच्यापुढे धरलं.

"केबल जुन्याच जागी होती. सकाळपासून."

ती आधी टोपणाकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे. मग तिची नजर कॉटवरच्या त्या डागाळलेल्या चादरीवर गेली. आई ती शांतपणे पुन्हा घडी घालत होती.

"एवढी साधी गोष्ट तुला कळली नाही?" बायकोने विचारलं. तिचा आवाज जरा ओला झाला होता.

"नाही कळली."

तिने त्याच्या केसांत अडकलेलं जाळं काढलं. तेवढ्यात टेबलावर त्याचा फोन वाजला. दुकानदार होता. विमावाल्याचे हात धुळीने भरले होते म्हणून तिनेच उचलला.

"आलं का चित्र?" दुकानदाराने विचारलं. "नसेल आलं तर बदलून देतो. संकोच करू नका."

"नाही हो, कार्ड उत्तम आहे," ती म्हणाली. "दोष बसवणाऱ्यात होता. पण तो आम्हाला बदलून नकोय."