कुलसचिवांना ‘थांब’ म्हटल्यावर

“कुणाला थांब म्हणण्याआधी चल कधी म्हणणार ते ठरवत जा,” आईने तिला बजावलं होतं. सांडलेल्या दुधापाशी आपल्या छोट्या लेकीला ‘हलू नकोस’ म्हणून ती स्वतः फडकं आणायला गेली आणि परत यायचंच विसरली, तेव्हाचा आईचा हा सल्ला. तिने तो या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिला.

विद्यापीठातल्या विद्यार्थिनींच्या नेतृत्व शिबिराला मात्र ती ठरवूनच गेली: निवडून यायचं! प्रतिनिधी म्हणून निवड झाली की विद्यापीठाच्या समितीत जागा, आणि जागा मिळाली की तिथेच पाळणाघर काढायची मागणी. दोन वर्षांच्या पोरीला शेजारच्या मावशींकडे ठेवून वर्गात बसताना तिचा अर्धा जीव घरीच असायचा.

शेवटचा खेळ असा. मुलींच्या पाठीशी उभं राहायला आलेल्या पुरुषांचे डोळे बांधायचे आणि हात न लावता, नुसत्या बोलण्याने त्यांना खुर्च्यांच्या पसाऱ्यातून पलीकडे न्यायचं. तिच्या वाट्याला आले साक्षात कुलसचिव. पाळणाघराच्या कागदावर सही करणारे. म्हणजे, आजवर न करणारे.

“सर, कृपया जरा डावीकडे,” ती पुटपुटली. त्या गलक्यात सरांना काय ऐकू येणार? ते उजवीकडे वळले आणि हात पुढे करून थेट चहाच्या उकळत्या किटलीकडे निघाले. तिच्या घशातून घरचा आवाज सुटला.

“ए, थांब! गरम आहे ते!”

सगळं सभागृह थिजलं. सर एका पायावर, बगळ्यासारखे.

“हं, आता पाय खाली. तो नाही रे, दुसरा. शहाणा माझा.”

आपण कुलसचिवांना अरेतुरे केलं हे ध्यानात येईतो बाकीचे पुरुषही आपापल्या जोडीदारणींना सोडून तिच्या आवाजामागे निघाले होते. प्राध्यापक, ग्रंथपाल, खेळाचे सर, सगळे कोंबडीमागच्या पिलांसारखे! वाक म्हटलं की वाकत होते. जी माणसं बैठकीत कुणाचं वाक्य पुरं होऊ देत नाहीत, ती! तिच्या अंगावर काटा आला. रांग दाराबाहेर, व्हरांड्यातून ग्रंथालयामागच्या पायऱ्यांशी पोचली, तरी तिला थांबवावंसं वाटेना.

पायऱ्यांना कठडा नव्हता. तिने आधी सरांना उतरवून कोपऱ्यापलीकडे नेलं. “इथे भिंतीला लागून उभा राहा. मी सांगेपर्यंत पट्टीला हात नाही लावायचा.” मग बाकीच्यांना आणायला ती वर आली, तर शिबिर घेणाऱ्या बाई डोळे पुसत होत्या.

“हे मला शिकवता येत नाही गं,” त्या हळूच म्हणाल्या.

वरच्यांच्या पट्ट्या सुटल्या, टाळ्या झाल्या, एकमताने निवड झाली. तेवढ्यात मावशींचा फोन आला, पोर उठून रडतेय म्हणून. ती तशीच घरी धावली.

लेक मांडीवर झोपल्यावर तिने फोनवर आईला सारं रंगवून सांगितलं. आईही थक्क होऊन ऐकत राहिली. मग म्हणाली, “आणि त्या भिंतीजवळच्याला चल कधी म्हणालीस?”

तर वाचकहो, लेक मांडीवर असल्याने तिला उठता येत नाही. तुम्ही ग्रंथालयामागून जाणार असाल तर तिची हात जोडून विनंती आहे, जरा कोपऱ्यापलीकडे डोकावा. भिंतीला लागून कुणी शहाणे गृहस्थ उभे असतील, तर ‘चला’ म्हणा. पाळणाघराचं नाव मात्र काढू नका. ते ती उद्या बोलेल, अहोजाहो करून.